स्वस्तातले जुने .२२ रिव्हॉल्व्हर: घ्यावे का?

प्रश्न: वडिलांच्या पश्चात नावावर करून घेतलेली बारा बोअरची बंदूक आणि तिचा चालू परवाना माझ्याकडे आहे. ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ त्यांचे जुने .२२ रिव्हॉल्व्हर अगदी कमी किमतीत देऊ करत आहेत. त्यांच्या परवान्याची मुदत दीड वर्षापूर्वी संपली. ‘आता या वयात नूतनीकरण कशाला’ म्हणतात. रिव्हॉल्व्हरवर कोरलेल्या नंबरातले शेवटचे दोन आकडे झिजल्यासारखे दिसतात. ‘पैसे आत्ता द्या, हत्यार तोवर माझ्याच कपाटात राहू द्या, कागद सावकाश करू’, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरे गिऱ्हाईक तयार आहे म्हणून घाई करतात. काय करावे?

उत्तर: आत्ता घेऊ नका. एक रुपयाही देऊ नका. पुढेमागे घेता येईल का, ते बरेचसे त्या झिजलेल्या दोन आकड्यांवर ठरेल.

आधी तुमच्या परवान्याचे बघू. त्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर आणि नंबर लिहिलेला असतो. त्या कागदावर रिव्हॉल्व्हर आपोआप बसत नाही. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी किंवा आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त, दुसऱ्या शस्त्रासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, त्यामुळे संख्येची अडचण नाही. अडचण आहे ती कारणाची. शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम १३ दोन प्रकारच्या अर्जांत फरक करते. निदान वीस इंची नळीची, आतून गुळगुळीत बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, तर कायद्याचा कल देण्याकडे आहे. रिव्हॉल्व्हरला मात्र तुमच्याकडे ‘पुरेसे कारण’ आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. स्वस्तात मिळतेय हे कारण होत नाही. नेमबाजीचा सराव, जिवाला असलेला धोका, जे खरे असेल ते कागदानिशी मांडा. तसे काहीच नसेल तर अर्जच करू नका, असे मी माझ्या अशिलांनाही सांगतो.

आता त्या गृहस्थांचे. खासगी वापराचे शस्त्र परवानाधारकाने दुसऱ्या पात्र माणसाला विकायला कायद्याची ना नाही. कलम ५ प्रमाणे त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचे, घेणाऱ्याचे नाव-पत्ता द्यायचा आणि त्यानंतर निदान ४५ दिवस थांबायचे. पण ही सवलत ज्याच्याकडे शस्त्र कायदेशीरपणे आहे, त्यालाच. दीड वर्ष परवाना नाही म्हणजे त्यांचा ताबाच बेकायदा झाला आहे. विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल आज किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. ते गृहस्थ सज्जन असतील, बहुतेक आहेतच. कोर्टात सज्जनपणा फार तर शिक्षेच्या प्रमाणावर बोलताना उपयोगी पडतो.

‘हत्यार माझ्याच कपाटात’ ही युक्ती तर दोघांनाही गोत्यात आणणारी. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की ताबा म्हणजे केवळ हातात असणे नव्हे. वस्तू दुसऱ्याकडे असली, पण ती आहे हे तुम्हाला माहीत आहे आणि तिच्यावर नियंत्रण तुमचे आहे, तरी ताबा तुमचाच ठरू शकतो. त्या प्रकरणातही रिव्हॉल्व्हरच होते, आणि दुरुस्तीसाठी म्हणून दुसऱ्याच्या हाती दिलेले. तुम्ही पूर्ण किंमत मोजून, पावती घेऊन हत्यार त्यांच्याकडे ठेवले तर सरकारी वकिलाचे अर्धे काम तुम्हीच करून दिलेत. शिवाय सौदाच बेकायदा असल्याने उद्या त्यांनी हात वर केले तर पैसे परत मागतानाही करार कायद्याचे कलम २३ तुमच्या आडवे येईल.

नंबराचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. कलम ८ प्रमाणे ओळखखूण नसलेले शस्त्र विकताच येत नाही. खोडलेल्या किंवा बदललेल्या नंबराचे शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ते केले, असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे. घामाने, गंजाने झिजणे वेगळे आणि कानशीने घासणे वेगळे, पण हा निवाडा तुम्ही-आम्ही भिंग लावून करायचा नसतो. त्यांच्या जुन्या परवान्यातला नंबर आणि हत्यारावरचे उरलेले आकडे जुळत नसतील तर फुकट दिले तरी नको.

हत्याराबद्दल थोडेसेच, कारण ते माझे क्षेत्र नव्हे. .२२ रिव्हॉल्व्हरला लागणाऱ्या रिमफायर काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, घोडा त्या कडेवर पडतो. रिकामे रिव्हॉल्व्हर वारंवार चालवले की घोड्याचे टोक सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या भागाच्या, भोकाच्या काठावर आदळून तिथे खाच पडते आणि मग काडतूस नीट बसत नाही. स्वस्तातल्या जुन्या नगात ही खाच आधी बघावी. घोडा ओढल्यावर सिलिंडर डुगडुगतो का, हेही. तपासणी परवानाधारक विक्रेत्याकडेच.

मार्ग आहे, पण तो त्यांच्या दारातून सुरू होतो. कलम २१ नुसार त्यांनी रिव्हॉल्व्हर विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. जाण्याआधी स्वतःच्या वकिलाशी बोलावे, कारण उशिराचा जाब विचारला जाईल. जमा केलेले शस्त्र ठरलेल्या मुदतीत पात्र व्यक्तीला विकून पैसे घेण्याचा हक्क तेच कलम त्यांना देते. दरम्यान तुम्ही अर्ज करा. मंजुरी हातात आली, नंबर जुळला, तरच किंमत द्या, तीही बँकेतून. मग रिव्हॉल्व्हर अधिकाऱ्याला दाखवून परवान्यावर नोंद करून घ्या. त्यांच्या कपाटात उरलेला काडतुसांचा डबा ते ‘असाच घेऊन जा’ म्हणतील, तोही घेऊ नका; काडतुसांनाही परवाना लागतो, आणि तो डबा रिव्हॉल्व्हरबरोबरच जमा व्हायला हवा.