शेजारी कोणी उभं असलं की लघवी होत नाही, यावर औषध आहे का?

गोळीने काम होत नाही, हे आधीच सांगतो. भीती थोडी कमी होईल, पण धार सुटेलच असं नाही. तुम्ही लिहिलंय की घरी काहीच त्रास नाही, पण नोकरीच्या मेडिकलला लॅबवाला डबी देऊन दाराबाहेर उभा राहिला आणि एक थेंब आला नाही. वर मोठा भाऊ म्हणाला, "जरा जोर लाव, पुरुषासारखा पुरुष तू!" हे वाक्य वाचलं आणि मी लिहायला बसलो. माणूस बिचकला की मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळले जातात. तिथे जोर लावला की ते आणखी आवळतात. पुरुषपणाचा संबंध येतो कुठे?

आमच्या घरी हा संवाद माझे दाजी म्हणायचे. वऱ्हाडाची गाडी ढाब्यावर थांबली की सगळी मंडळी ओळीने उभी, आणि मी लांब कुठेतरी झाडामागे. "अहो या, लाजताय काय!" मग जेवणाच्या पंगतीत तोच विषय. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचं तर आदल्या रात्रीपासून मी पाणी तोडायचो. सातपूरला कंपनीत मोकळं संडास कधी सापडेल यावर माझं लक्ष, शिफ्टवर नंतर.

गंगापूर रोडला एका बंगल्यात पुण्याच्या एका समुपदेशकांनी शनिवार-रविवारचं छोटं शिबिर घेतलं, तिथे बायकोने मला जवळजवळ ढकललंच. पद्धत अमेरिकेतली. या त्रासाला पॅरुरेसिस हे नाव १९५४ साली मिळालं, आणि तिकडे १९९६ पासून याच लोकांची एक संघटना अशी शिबिरं भरवते. आधी भरपूर पाणी प्यायचं. मग जोडीदार ठरवायचा आणि सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या लिहायच्या. दार बंद आणि जोडीदार अंगणात, मग पॅसेजमध्ये, मग दाराला टेकून, मग दार किलकिलं. धार सुटली की दोन-तीन सेकंदांत मुद्दाम थांबवायची, थोडं थांबून पुढची पायरी. एकदम मोकळं होऊन गेलात तर पुढच्या सरावाला उरणार काय? बायकाही होत्या, त्यांचा गट वेगळा. त्यांची अडचण रांगेतली, बाहेरून कोणी कडी वाजवली की संपलं.

माझे जोडीदार निफाडकडचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. २०१५च्या सिंहस्थात जादा गाड्यांवर दिवसदिवस लघवी दाबून धरलेला माणूस. चारचौघांत शब्द फुटेना, पण आमची खूण त्यांनीच ठरवली. मी आतून नळावर किल्ली एकदा वाजवली की त्यांनी जागीच थांबायचं, दोनदा वाजवली की एक पाऊल पुढे. सिंगल बेल, डबल बेल. पहिल्यांदा डबल बेल दिली तेव्हा ते बाहेरून सवयीने ओरडले, "चला, पुढे सरका!" मला हसू आवरेना, आणि हसता हसताच धार सुटली. ते दाराच्या फटीत उभे आहेत, त्यांची चप्पल मला दिसतेय, ओला अंगठा फरशीवर वाजतोय, आणि तरी. मग माझी पाळी बाहेर उभं राहायची. दुसऱ्याची वाट बघत उभं राहिल्यावर कळतं की बाहेरचा माणूस तुमच्या लघवीचा विचार करतच नाही, तो जेवणाचा विचार करतो.

रविवारी सिटी सेंटर मॉल, आणि शेवटी ठक्कर बाजार स्टँड, गाड्या लागायच्या वेळेला. स्टँडवर मला जमलं नाही. मॉलमध्ये जमलं होतं, कंडक्टर एक भांडं सोडून पलीकडे. स्टँड पुढे सराव करता करता जमलं, आजही गर्दी फार असली तर वेळ लागतो.

दाजींचं म्हणणं, हे सगळं एकट्याने करता येतं, चार अनोळखी लोकांना कशाला सांगायचं. करता येत नाही. ज्याची भीती वाटते तो माणूसच तिथे नसेल तर सराव कशाचा करणार, आणि घरच्या माणसाला सांगा तर तो पंगतीत सांगतो. त्यांना मी एक प्रयोगही ऐकवला. १९७६ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या मुतारीत संशोधक पुस्तकांच्या गठ्ठ्यात पेरिस्कोप लपवून बसले होते. शेजारी कोणी नसताना धार सुरू व्हायला सरासरी ४.९ सेकंद लागले, अगदी खेटून कोणी उभा असताना ८.४. म्हणजे धडधाकट पुरुषांचंही तेच होतं, आमचं जरा जास्त. दाजी म्हणाले, अमेरिकेत लोकांना कामं नाहीत. पेरिस्कोपबद्दल त्यांचं म्हणणं मलाही पटतं, हे मान्य.

एक राहिलं. घरी एकटे असतानाही धार बारीक असेल, जळजळ असेल किंवा रात्री सारखं उठावं लागत असेल तर हे प्रकरण वेगळं, आधी मूत्रविकारतज्ज्ञ. पोट तट्ट फुगलंय, दुखतंय आणि लघवी अजिबात होत नाही, तर सरळ इस्पितळ गाठा. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी ते भरपूर पाणी वगैरे डॉक्टरांना विचारूनच. सराव सोबतीनेच करा, सोबती साधा, चिडवणारा नको. शिबिरच हवं असं नाही, एक विश्वासू मित्रही चालेल.

आणि तुमच्या मेडिकलचं. रिसेप्शनवर सांगा की मला वेळ लागतो, डबी घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमला जातो. बहुतेक ठिकाणी मान हलवून हो म्हणतात. नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी पहाटेची वेळ मागा, तेव्हा लॅबमध्ये झाडूवाल्याशिवाय कोणी नसतं.