१८ लाख सासऱ्यांच्या बंगल्यात घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय २९, नाशिकच्या कॉलेजात इंग्रजी शिकवता, पगारातून साठवलेले १८ लाख मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंडांत आहेत. डिसेंबरात लग्न. होणाऱ्या सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेल्या बंगल्यावर तुम्हा दोघांसाठी वरचा मजला चढवायचा, आणि त्यात तुमचे सगळे पैसे घालायचे असं घरात ठरत आलंय. कागदपत्रांचा विषय काढला तर सध्या वर्गात शिकवताय त्या जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कादंबरीतल्या शार्लटसारखी हिशेबी ठरेन, अशी तुम्हाला धास्ती आहे.

शार्लट तुमच्या कामाची नाही. ती २७ वर्षांची, गाठीला पैसा नाही, कमवायची मानाची वाट नाही. तिनं कॉलिन्स या न आवडणाऱ्या माणसाला लग्नाचा होकार दिला तो डोक्यावर छप्पर हवं म्हणून. तुमच्याकडे छप्पर नसलं तरी १८ लाख आहेत. तुम्ही बघायला हवं नायिकेच्या आईकडे, मिसेस बेनेटकडे, जिला आपण सगळेच हसतो.

तिच्या घरचा ताळेबंद मांडून बघा. लाँगबोर्न या त्यांच्या घरच्या जमिनीचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, म्हणजे खाऊन-पिऊन चांगलंच सुखी घर. पण जमीन पुरुष वारसाकडेच जाणार अशी बांधलेली, आणि पाच मुलींत मुलगा एकही नाही. लग्नाच्या करारात बायको-मुलांसाठी राखलेलं भांडवल ५,००० पौंड. चार टक्क्यांनी त्याचं व्याज २०० पौंड. म्हणजे मिस्टर बेनेटनी डोळे मिटले की घर पुरुष वारस असलेल्या त्याच कॉलिन्सचं, आणि आई धरून सहा बायकांनी आधीच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांत भागवायचं. बाईंची बोलण्याची तऱ्हा भयंकर आहे, मान्य. पण त्या घरात धोका तिलाच दिसतोय. मिस्टर बेनेट मात्र पुस्तकात डोकं घालून टोमणे मारत बसले. मुलगा होईल, सज्ञान झाला की तो आणि आपण मिळून ते बंधन मोडू, या भरवशावर त्यांनी शिल्लक टाकलीच नाही. वर्षाला २०० पौंड बाजूला पडले असते, तरी २३ वर्षांच्या संसारात व्याज न धरता ४,६०० पौंड जमले असते.

आता कागदपत्रांचं. त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालं की बायकोचा रोख पैसा कायद्यानं नवऱ्याचा होई. म्हणून ज्यांच्याकडे पैसा असे ते लग्नाआधीच वकिलाकडून करार करून घेत, आणि त्यात कुणाला अविश्वास वाटत नसे. खुद्द कादंबरीचा नायक डार्सी बघा. बेनेटांच्या धाकट्या लिडियाचं कर्जबाजारी विकहॅमशी लग्न लावून देताना तो नोटांचं पुडकं विकहॅमच्या हातात ठेवत नाही. त्याची हजारावर पौंडांची कर्जं फेडतो, सैन्यातली जागा घेऊन देतो, आणि आणखी हजार पौंड करारानं लिडियाच्या नावे बांधतो. वर्गात हा भाग जरा सावकाश शिकवा.

तुमच्या बाबतीत जमीन सासऱ्यांची, म्हणून वर चढलेला मजलाही त्यांचाच. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे सासूबाई, दोन मुलगे आणि मुलगी असे चार समान वाटे होतील. एक तुमच्या नवऱ्याचा. नवरा हयात असेल तर सून वारसांत येत नाही. मृत्युपत्र केलं तर त्यात काय लिहायचं हा सर्वस्वी त्यांचा अधिकार. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं तुम्हाला राहण्याचं संरक्षण मिळू शकतं, पण त्यानं मालकी मिळत नाही आणि बांधकामात गेलेले १८ लाख परत येत नाहीत. मंडळी चांगली आहेत असं तुम्ही लिहिलंय. असतीलच. पण उद्या दिरांचं लग्न होईल, नणंद वाटा मागेल, आणि तो मागणं तिचा हक्कच आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सगळे पैसे घालू नका. सासरे तयार असतील तर बंगल्यातला हिस्सा नोंदणीकृत बक्षीसपत्रानं मुलाच्या नावे करू शकतात; राहत्या घरासाठी महाराष्ट्रात त्याला मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. त्यात तुमचंही नाव घालायचं झालं तर शुल्काचा हिशेब वेगळा, तो वकिलाकडून आधी काढून घ्या. एवढं करायची तयारी नसेल, तर बांधकामाचं कर्ज नवऱ्यानं वडिलांना सहकर्जदार घेऊन काढावं. तुम्ही फार तर तीन लाख द्या, बँकेतून, आणि ते परत येणार नाहीत असं धरून. बाकीचे १५ लाख तुमच्याच नावावर राहू देत. चार-पाच वर्षांनी दोघांच्या नावे फ्लॅट घ्यायचा झाला तर उपयोगी पडतील.

विषय तुम्ही काढू नका, होणाऱ्या नवऱ्यानं काढावा: “बाबा, तिचे पैसे घालायचे तर तिचं नाव कुठे येणार, ते आधी ठरवू.” एवढं वाक्य त्याला जड जात असेल, तर ते लग्नाआधी कळलेलं बरं.

आणखी एक. त्याचा टर्म इन्शुरन्स लग्नाआधी घाईनं काढू नका. विवाहित पुरुषानं १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली बायको-मुलांसाठी पॉलिसी घेतली, तर त्या पैशांवर त्याच्या सावकारांचा किंवा इतर नातेवाइकांचा हक्क पोचत नाही. मात्र ही नोंद अर्ज भरतानाच करावी लागते, मागाहून जोडता येत नाही. जानेवारीत अर्ज भरताना एजंट हा रकाना विसरला, तर तुम्ही आठवण करा.