बागेत पोरं फिरवायची नोकरी असते का?

कन्नड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्या लिहितात: "मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वनस्पतिशास्त्र घेतलंय. शहरात खोली करून राहते. रविवारी शाळेच्या लेकरांना हिमायत बाग, पाणचक्की दाखवायला जाते. कधी दोन पैसे मिळतात, कधी नुसता नाश्ता. मोबाईलवर तिनं अमेरिकेतल्या कुठल्या तरी उद्यानाची जाहिरात वाचली. निसर्ग आणि इतिहासाचे कार्यक्रम घेणाऱ्यांवर देखरेख करायची नोकरी होती. मला हेच करायचंय म्हणते. तिचे वडील म्हणतात, बागेत पोरं फिरवायला कॉलेज कशाला लागतं? काका म्हणतात डी.फार्म. कर, मेडिकल टाकून देऊ. खरंच अशी नोकरी असते का?"

ताई, असते. पण आपल्याकडं त्या नावाची जाहिरात क्वचितच निघते, म्हणून ती दिसत नाही.

अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचं खातं 1916 साली सुरू झालं. आलेल्या माणसाला तिथला डोंगर, झाड, जुनी भिंत उलगडून सांगणं हे तिथं गणवेशातल्या माणसाचं पगारी काम आहे. आपल्याकडं काय होतं बघा. छत्रपती संभाजीनगरात सिद्धार्थ उद्यान महापालिकेचं, बीबी का मकबरा पुरातत्त्व खात्याचा, पाणचक्की वक्फ मंडळाची, हिमायत बाग कृषी विद्यापीठाची आणि तुमच्या जवळचं गौताळा अभयारण्य वनखात्याचं. लेकरांची बस एकच, पण मालक पाच. या पाचांमध्ये ताळमेळ ठेवून दिवसभराचा कार्यक्रम नीट पार पाडणारा माणूस लागतोच. सध्या ते काम कुणीतरी शिक्षक किंवा हौशी मंडळी इतर कामातून वेळ काढून करतात.

आता "पोरं फिरवणं" आणि देखरेख यातला फरक. एकदा मी एका शाळेच्या गटाबरोबर एका किल्ल्यावर गेलो होतो. पन्नासेक मुलं आणि माहिती सांगणारा एकच तरुण. बोलायला फर्डा. पण वर कड्याला आग्या मोहोळ लागलंय हे कुणी आदल्या दिवशी पाहिलंच नव्हतं. कुणीतरी खाली कचरा पेटवला, धूर वर गेला आणि माश्या उठल्या. अकरा मुलांना चावल्या. नशिबानं निभावलं, पण गटात शेवटी चालणारं मोठं माणूस नव्हतं, प्रथमोपचाराची पेटी बसमध्ये आणि बस खाली दोन किलोमीटरवर. त्या तरुणाला दोष देऊन काय उपयोग? त्याच्यावर कुणीच नव्हतं. आदल्या संध्याकाळी जागा बघून येणं, पंचवीस मुलांमागे पुढं एक आणि शेपटाला एक माणूस ठेवणं, उन्हाळ्यात नऊच्या आत गट सावलीत आणणं, मुलींसाठी स्वच्छतागृह कुठं आहे ते आधी विचारणं, हे सगळं देखरेखीत येतं.

आणि दुसरी देखरेख तोंडातून काय निघतं त्यावर. आपल्या प्रत्येक किल्ल्यावर एक भुयार असतं आणि ते थेट वेरूळला नाहीतर काशीला निघतं! देवगिरी किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोखा बोळ, मात्र खरी आहे, आत वटवाघळंही आहेत. म्हणजे शत्रूला चकवणारी वाट आणि वटवाघळांचं घर असा इतिहास-निसर्गाचा धडा एकाच बोळात मिळतो. तो सोडून लोक भुयाराच्या थापा मारत बसतात. सीताफळाचंही तसंच. सीतामाईची गोष्ट मुलांना आवडते, सांगावीही. पण हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं आहे, तेही त्याच दमात सांगता आलं पाहिजे, कुणाच्या श्रद्धेला न दुखवता. गाईडला चारचौघांत न टोकता संध्याकाळी चहावर सुधारता येणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. ती कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

मार्गाचं म्हणाल तर बी.एस्सी. पूर्ण करू द्या, ती वाया जात नाही. एमपीएससीतून वनक्षेत्रपालाची परीक्षा देता येते. पण तिथं शिक्षणाचं काम थोडं आणि संरक्षण, रोपवाटिका, गुन्हे हे जास्त, हे माहीत असू द्या. मोठ्या प्राणिसंग्रहालयांत शिक्षण अधिकारी हे पद असतं. इतिहासाची बाजू तिची कच्ची राहणार. त्यासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. आहे किंवा शहरातच विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा विभाग आहे. मला विचाराल तर पहिली दोन वर्षं एखाद्या निसर्ग संस्थेत किंवा शाळांच्या सहली नेणाऱ्यांकडं काढावीत. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी 1883 पासून काम करतेय, तिचे छोटे अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतात.

पैशाचं खोटं सांगणार नाही. पहिली तीन-चार वर्षं मेडिकल टाकणाऱ्या पोराइतकं हातात येणार नाही. घराला ते झेपणार नसेल तर आधी बी.एड. करून शिक्षिका होणं आणि सहलींची जबाबदारी अंगावर घेणं हा दुसरा रस्ता आहे. त्यात कमीपणा नाही.

तोवर तिला एक वही घालायला सांगा. कुठल्या गटाला काय दाखवलं, कुठं मुलं कंटाळली, कुठला प्रश्न आला आणि उत्तर आलं नाही. पीतळखोरे तुमच्याच तालुक्यात आहे. तिथला ठिसूळ झालेला कातळ, शेजारून वाहणारा ओढा आणि दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी यांवर तासाभराचा एक कार्यक्रम तिनं स्वतः बांधून काढावा. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा ती वही उपयोगी पडेल.

आणि तिच्या वडिलांना एखाद्या रविवारी पाणचक्कीवर तिच्या गटात बसवा. डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी उंचावरून पात्यांवर पडतं आणि जातं फिरतं. शहरातली मुलं पहिला प्रश्न विचारतात, "मोटार कुठंय?" ज्यांनी आयुष्यभर पाटानं पाणी दिलंय, ते असं काही विचारतील की तिला वहीत दोन पानं वाढवावी लागतील.