ब्रेकर उगाच पडत नाही

चि. ...,

तुझा मेसेज तीनदा वाचला. विमानातल्या गॅलीचा, म्हणजे खाणं गरम करायच्या जागेचा, विजेचा ब्रेकर पडला, सीनियरने दाबायला लावला, परत पडला नाही, लॉगमध्ये ‘रिसेट केला, टेस्ट ओके’ असं गेलं. खाली सही तुझी, आणि आता तुला झोप येत नाही. नकोच येऊ दे.

ब्रेकर उगाच पडत नाही. तार बघितल्याशिवाय सही नाही.

स्विसएअर १११ शिकवलंय ना? २ सप्टेंबर १९९८, न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं एमडी-११. कॉकपिटच्या छतामागे बहुधा तारेत ठिणगी पडली आणि शेजारच्या चकचकीत इन्सुलेशनने पेट घेतला. वास आल्यापासून कॅनडाजवळ समुद्रात पडेपर्यंत जेमतेम २१ मिनिटं. २२९ माणसं गेली. त्या वेळचे ब्रेकर तुटक, क्षणभराच्या ठिणगीला पडतीलच असं नव्हतं. तुझा तर पडला, ओरडून सांगितलं त्याने, आणि तुम्ही त्याचं तोंड दाबलंत!

कॅनडाच्या तपासणाऱ्यांनी वजनाने ९८ टक्के विमान समुद्रातून वर काढलं, पुढचा भाग सांगाड्यावर तुकडा तुकडा लावून उभा केला. तारा हातात घेऊन एकेक टोक पाहिलं: ठिणगीने तांबं वितळून मणी थिजलाय का? मणी मिळाला तो करमणूक यंत्रणेच्या तारेवरही. तरी आग तिथेच सुरू झाली असं छातीठोक लिहिलं नाही त्यांनी. साडेचार वर्षं खपून ‘बहुधा’. आपण चार मिनिटांत ‘ओके’.

मीही लिहिलंय. नाइट शिफ्ट, पहाटेचं विमान, दाबला आणि केली सही. पुढच्या चेकला दुसऱ्याने पॅनेल उघडलं. तार धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पची रबरी गादी झिजलेली, तार पत्र्यावर घासून इन्सुलेशन गेलेलं, तांब्यावर काळा डाग. मधल्या काळात ते विमान ४३ वेळा उडालं होतं. काही झालं नाही, म्हणून कुणी विचारलंही नाही.

त्यानंतर मी विमानं अडवली. ‘डिले मास्टर’ म्हणायचे मला, प्रमोशनही दोनदा हुकलं. तुझी काकू अजून म्हणते, अडेलपणा केलात. केला. पण दर वेळी तार बघितली होती मी, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

तुझ्या करिअरचं काय, ते मला विचारू नकोस, त्यातलं मला कळत नाही. आज ते विमान रात्रभर उभं असेल तर आरसा आणि टॉर्च घेऊन जा, पॅनेल उघडायला लाव. आधी क्लॅम्पच्या मागची बाजू बघ, तिथे कुणी बघत नाही. सीनियर चिडला तर माझं नाव सांग. ओळखतो तो मला, शिव्या घालेल, पण उघडू देईल.

तुझा,
काका