थोडा दमसास आधीपासून असेल तर पळणं कुठून सुरू करावं?

तुम्ही सायकल चालवत असाल, जिमलाही जात असाल, तर दमसासाची चिंता नाही. माझी काळजी तुमच्या नडग्यांची आहे. हृदय आणि फुप्फुसं तयार असली तरी स्नायुबंध आणि हाडं पळण्याच्या आदळआपटीला हळूहळूच सरावतात. सायकलवर ती आदळआपट नसतेच. म्हणून फिट माणसंच पहिल्या महिन्यात जास्त दुखावतात, असं मी वारंवार पाहिलंय.

'काउच टू फाइव्ह के' हा अजिबात न पळणाऱ्याला ५ किलोमीटर पळण्यापर्यंत नेणारा ९ आठवड्यांचा आराखडा घ्या. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळणं, ९० सेकंद चालणं असतं. ते तुम्हाला फारच सोपं वाटेल. तिसऱ्या आठवड्यापासून सुरू करा: ५ मिनिटं भरभर चालून मग ९० सेकंद पळा, ९० सेकंद चाला, ३ मिनिटं पळा, ३ मिनिटं चाला, हे सगळं दोनदा. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागली तर वेग कमी करा, आठवडा बदलू नका.

खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. मांड्या भरून आल्या असतील तर हरकत नाही. पण नडगीच्या हाडावर बोट दाबल्यावर एकाच जागी दुखत असेल तर थांबा, आणि दुखणं जाईना तर डॉक्टरांना दाखवा. त्रास नसेल तर पुढे चला. पाचव्या आठवड्याच्या शेवटी सलग २० मिनिटं पळायचं असतं, तिथवर उडी मारू नका.

आठवड्यातून तीनदाच पळा. मधल्या दिवशी सायकल आहेच की!