गॅस टर्बाइनवर वीज बनवणाऱ्या केंद्रात इंजिनिअर दिवसभर काय करतो?

खरं सांगू? बराच वेळ कान देऊन बसतो. गोव्यात वास्को परिसरातल्या एका छोट्या केंद्रात मी काही वर्षं शिफ्ट केली. नाव गॅस टर्बाइन, पण आमचं इंधन नाफ्था, म्हणजे कच्च्या तेलातून निघणारं पेट्रोलसारखं द्रव. 'गॅस' म्हणजे चाकं फिरवणारा तापलेला वायू, हे वास्कोतल्या शेजाऱ्यांना शेवटपर्यंत पटवता आलं नाही!

नाफ्था पाण्यासारखा पातळ. वंगण म्हणून शून्य, पेटायला मात्र एका पायावर तयार. म्हणून मशीन चालू करायचं डिझेलवर, लोड आल्यावर नाफ्थावर न्यायचं आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायचं, म्हणजे पाइपात नाफ्था उरत नाही. हा बदल होत असताना कंट्रोल रूममध्ये कुणी चहाचा कपसुद्धा उचलत नसे.

दुसरी डोकेदुखी खाऱ्या वाऱ्याची. टर्बाइनची निम्म्याहून जास्त ताकद स्वतःच्याच कॉम्प्रेसरला हवा दाबायला लागते. त्याच्या पात्यांवर मीठ-धूळ बसली की मेगावॉट हळूहळू घसरतात. मग मशीन थंड करून साबण आणि क्षारमुक्त पाण्याने आंघोळ. खालून काळं पाणी निघालं की जीव शांत व्हायचा.

बंद केल्यावरही सुटका नाही. तापलेला रोटर, म्हणजे टर्बाइनचा फिरणारा दांडा, एकाच जागी ठेवला तर वाकतो, म्हणून तो तासन्‌तास हळूहळू फिरवत ठेवावा लागतो. एका चवथीला सगळे आरतीला, आणि मी रोटरपाशी. घरून आलेल्या नेवऱ्या तिथेच खाल्ल्या.