माइक ट्राउट पुन्हा पूर्वीसारखा खेळू शकेल का?

आपला प्रश्न असा आहे की, लॉस एंजेलिस एंजल्स संघाचा माइक ट्राउट, ज्याला काही वर्षांपूर्वी बेसबॉलमधील सर्वोत्तम खेळाडू मानले जात होते, त्याची घसरण आता कायमची समजायची का, की दुखापती सरल्यावर तो पूर्ववत होऊ शकेल. ॲनाहाइमच्या मैदानावरील संध्याकाळचे सामने आपल्याकडे सकाळी सातच्या सुमारास सुरू होतात, आणि गेली बरीच वर्षे उन्हाळा-पावसाळ्यातील माझ्या अनेक सकाळी या एका खेळाडूच्या फलंदाजीने सुरू झालेल्या आहेत. त्या आधारावर आणि २०२५ हंगामाअखेरच्या आकड्यांवरून मी हे उत्तर देत आहे. माझ्या मते २०१२ ते २०१९ मधील ट्राउट परत येणार नाही. मात्र २०२५ मध्ये दिसला त्यापेक्षा बराच चांगला फलंदाज परत येणे शक्य आहे. हे दोन प्रश्न एकत्र केले जातात, म्हणून त्याच्याविषयीची चर्चा भरकटते.

तो पूर्वीचा ट्राउट काय होता, हे आधी सांगायला हवे. २०१२ मध्ये, पहिल्याच पूर्ण हंगामात, त्याने ०.३२६ सरासरी (दर हजार प्रयत्नांत ३२६ यशस्वी फटके) राखून ३० होम रन, म्हणजे मैदानाबाहेर जाणारे फटके, मारले आणि ४९ बेस चोरले (फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा तळ गाठला), तेही वयाची एकविशी नुकतीच गाठताना. २०१४, २०१६ आणि २०१९ अशी तीन वर्षे तो अमेरिकन लीगचा (नॅशनल लीगबरोबरच्या दोन मुख्य गटांपैकी एकाचा) सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. लांब फटके मारणारे, वेगाने धावणारे आणि सेंटर फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या मधल्या भागात, झेल टिपणारे खेळाडू प्रत्येक पिढीत असतात. हे सगळे एकाच माणसात, वर्षामागून वर्षे, क्वचितच आढळते. म्हणूनच २०१९ मध्ये संघाने त्याच्याशी २०३० पर्यंतचा, ४२ कोटी ६५ लाख डॉलरचा करार केला. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत एंजल्स एकदाच, २०१४ मध्ये, प्लेऑफपर्यंत, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीपर्यंत, पोहोचले आणि तिथेही तीन सामन्यांतच बाहेर पडले, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

त्यानंतर शरीराने साथ सोडली. २०२१ मध्ये उजव्या पोटरीचा स्नायू दुखावल्याने तो फक्त ३६ सामने खेळला. २०२२ मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे काही आठवडे बाहेर राहूनही ११९ सामन्यांत त्याने ४० होम रन मारले, आणि त्यामुळे काळजीचे कारण नाही असे अनेकांना वाटले. २०२३ मध्ये डाव्या मनगटाजवळचे हॅमेट हाड मोडले. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा डावा हात बॅटच्या मुठीवर खाली असतो आणि मुठीचा गोळा नेमका या हाडावर दाबला जातो, त्यामुळे बेसबॉलमध्ये ही दुखापत वरचेवर दिसते. २०२४ मध्ये डाव्या गुडघ्यातील मेनिस्कस, म्हणजे सांध्यातील कूर्चेची गादी, फाटली. शस्त्रक्रिया झाली, तो परतण्याच्या बेतात होता, आणि तीच गादी पुन्हा फाटली. या चार हंगामांतील ६४८ सामन्यांपैकी तो २६६ खेळला.

या सगळ्यांत मला गुडघ्याची दुखापत सर्वात निर्णायक वाटते. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा पाय पुढचा असतो. फटका मारताना शरीर पुढे येते, पुढचा पाय जमिनीत रोवला जातो, तिथे शरीराची पुढची गती थांबते, आणि थांबलेली ती गती कंबर, खांदे व हात यांतून बॅटमध्ये उतरते. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जे काम करतो, जवळजवळ तेच. हा पाय भार घ्यायला कचरू लागला की बॅट क्षणभर उशिरा येते, आणि ताशी ९५ मैलांहून वेगाने, छातीच्या उंचीवर आलेल्या चेंडूपुढे तेवढा उशीर पुरेसा होतो. २०२५ मध्ये ट्राउट १३० सामने खेळला, त्यात त्याने २६ होम रन मारले, पण सरासरी ०.२३२ वर आली आणि तो तब्बल १७८ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू) होऊन बाद, झाला. २०१९ मध्ये तो साधारण पाच संधींपैकी एकीत स्ट्राइकआउट होत असे. आता प्रमाण तीनपैकी जवळजवळ एक इतके झाले आहे.

तरीही मी आशा सोडलेली नाही, कारण त्याच हंगामात त्याला ८७ वॉक मिळाले, म्हणजे चार वाईट चेंडू सोडल्याबद्दल थेट पहिला बेस मिळाला. वॉक मिळण्यासाठी वाईट चेंडू ओळखून बॅट आवरावी लागते. ज्या फलंदाजाची नजर आणि निर्णयशक्ती संपते, तो वाटेल त्या चेंडूमागे धावू लागतो. ट्राउटचे तसे झालेले नाही. चेंडू त्याला आजही वेळेवर दिसतो, अडचण आहे ती बॅट वेळेवर पोहोचण्याची.

शिवाय या अडचणीवर त्याने पूर्वी एकदा मात केलेली आहे. २०१४ मध्ये पिचरनी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांनी, त्याला उंच टाकलेल्या वेगवान चेंडूंवर पकडायला सुरुवात केली आणि त्या वर्षी तो १८४ वेळा स्ट्राइकआउट झाला. त्याने त्या चेंडूंवर काम केले आणि दोन वर्षांत हा आकडा १३७ पर्यंत खाली आणला. अर्थात तेव्हा तो पंचविशीही न गाठलेला, धडधाकट तरुण होता, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याने चौतिसावे वर्ष पूर्ण केले.

या संदर्भात कोडी बेलिंजरचे उदाहरण वारंवार दिले जाते. २०१९ मध्ये नॅशनल लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरलेल्या बेलिंजरचा उजवा खांदा २०२० च्या प्लेऑफमध्ये निखळला. तो डावखुरा असल्याने हाच त्याचा पुढचा खांदा. शस्त्रक्रियेनंतर, २०२१ मध्ये, त्याची सरासरी ०.१६५ पर्यंत कोसळली, पुढच्या हंगामानंतर त्याच्या संघाने, लॉस एंजेलिस डॉजर्सनी, त्याला सोडून दिले, आणि २०२३ मध्ये शिकागो कब्जकडून खेळताना त्याने ०.३०७ सरासरी व २६ होम रनसह पुनरागमन केले. दोन स्ट्राइक झाल्यावर ताकद थोडी कमी करून चेंडू बॅटवर घेण्याची सवय त्याने लावून घेतली, हे मला त्यातले महत्त्वाचे वाटते. ट्राउटने ते जरूर उचलावे. पण बेलिंजर त्या हंगामात अठ्ठावीस वर्षांचा झाला, आणि एकच सांधा दुखावलेला तरुण व पोटरी, पाठ, मनगट, गुडघा असे एकामागून एक दुखावलेला पस्तिशीजवळचा खेळाडू यांची तुलना जपूनच करायला हवी.

पायांच्या वेगाबद्दल मात्र मी आशा धरणार नाही. २०२४ मध्ये त्याने पुन्हा बेस चोरायला सुरुवात केली होती. २९ सामन्यांत ६, म्हणजे आधीच्या चार हंगामांत मिळून जेवढे तेवढे. तेव्हा मला अतिशय आनंद झाला होता, आणि त्याच एप्रिलच्या अखेरीस गुडघा गेला. सेंटर फील्ड सोडून राइट फील्डला, आणि मग गुडघा पुन्हा दुखल्यावर २०२५ मध्ये बहुतेक काळ केवळ फलंदाजी करणाऱ्या डेझिग्नेटेड हिटरच्या जागी, असा त्याचा प्रवास झाला. चाहत्यांना ही पदावनती वाटते, पण मला तीच जागा त्याच्यासाठी योग्य वाटते. क्षेत्ररक्षणात वाचवलेले प्रत्येक पाऊल त्या पुढच्या पायाला फलंदाजीसाठी शिल्लक राहते.

म्हणून माझा अंदाज असा: गुडघा सुजला नाही आणि तो १३० च्या आसपास सामने खेळू शकला, तर ०.२५० च्या जवळपास सरासरी आणि तीसेक होम रन ही वाजवी अपेक्षा आहे. येत्या हंगामात मी सरासरीपेक्षा एकच गोष्ट आधी पाहीन: उंच, वेगवान चेंडूवर त्याचा फटका सरळ आणि डावीकडे जातो, की उशीर होऊन मागे फाउलमध्ये, म्हणजे खेळाच्या हद्दीबाहेर. २० सप्टेंबर २०२५ रोजी डेन्व्हरमध्ये त्याने कारकिर्दीतील ४०० वा होम रन मारला, तो ४८५ फूट गेला. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो हे खरे, पण इतक्या अंतरासाठी पुढचा पाय घट्ट रोवावाच लागतो, आणि त्या दिवशी तो रोवला गेला होता.